भेट दिल्याची तारीख

गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला ममता मुनेश्वर स्कूटी फाटकाबाहेर काढत होती, तेव्हा समोरच्या विमलताईंच्या कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या मीटरखाली, तिला एक तारीख लिहिलेली दिसली. निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली, १४/८/९१, आणि तिच्याखाली दोन अक्षरं: उ. मु. तिनं स्कूटी स्टँडवर लावली आणि तशीच उभी राहिली. उकंडा मुनेश्वर, तिचे वडील, वय वर्षं शहात्तर, मंगळवारी दुपारपासून घरात नव्हते. ती उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासायला कॉलेजात गेली होती, फाटकाला बाहेरून कडी घालायची राहून गेली होती, आणि गळ्यात घालायला दिलेलं नाव-पत्त्याचं कार्ड त्यांनी जाताना नीट खुंटीला अडकवून ठेवलं होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं एकेक गळत चाललं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं, मग बायको वारल्याचं, मग मुलीचं नाव. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता आणि पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. ह्या उन्हात ह्या वयाचा माणूस किती टिकतो, हे तिनं कोणालाही विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला नको होतं. दोन दिवस ती ह्या भिंतीसमोरून पन्नासदा गेली-आली होती आणि तिला ही तारीख दिसली नव्हती.

विमलताई नळाची पाइप घेऊन अंगणात आल्या. "काय पाहून राह्यल्या मॅडम? हे? हे तं मंगळवारपासूनच हाये. मले वाटलं मीटरवाल्यानं लिहेलं असंन. पुसनारच होतो मी."

"नका पुसू," ममता म्हणाली. तिचा आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. विमलताई पाइप तशीच धरून राहिल्या आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडत राहिलं.

बाबांनी एकतीस वर्षं मलेरियावाला म्हणून काढली होती. कागदावर हुद्दा लांबलचक होता, पण लोकांच्या तोंडी मलेरियावालाच. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून सही करायची. तारीख असली म्हणजे भेट झाली. वरचे साहेब जीपनं येत, भिंती बघत आणि जात. घरातल्या माणसांना विचारायची त्यांना सहसा गरज पडत नसे. बाबांचं अक्षर शाळामास्तरासारखं होतं, आकडे एका ओळीत आणि एका मापाचे. भिंतीवरचा हा आकडा मात्र त्यांचा नव्हता. ह्या तारखेतला नऊ उलटा होता. असा उलटा नऊ घरात एकाच माणसानं काढला होता, आणि ती पहिलीत असतानाची ममता होती. तिनं जवळ जाऊन आकड्यावर बोट ठेवलं. बोटाला निळं लागलं. क्षणभर तिला बाबांच्या त्या जुन्या निळ्या पेन्सिलीच्या कडा चिमटीत जाणवल्या, जिभेवर लाकडाची तुरट चव आली, आणि एक भलताच विचार डोक्यात शिरला, की गेल्या दोन न झोपलेल्या दिवसांत आपणच तर हे लिहीत फिरलो नाही ना. बाबांच्या डोक्यातून सगळं गेलं होतं आणि हा नऊ राहिला होता; चौतीस वर्षं त्यांनी तो डोळ्यांसमोर इतका धरला असेल, की आता हातातून तोच उतरत होता. असं तिनं स्वतःला समजावलं. समजावल्यानं भीती कमी झाली नाही.

कपिलचा फोन आला. धाकटा भाऊ मंगळवारी रात्रीच पुण्याहून निघाला होता आणि यवतमाळला न थांबता नागपूरला गेला होता, कारण बाबा दीक्षाभूमीवरच जातील अशी त्याची खात्री होती. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, कोणी अडवणार नाही, बसले असतील आणि गेले असतील. "ताई, इथं कोनीच पाह्यलं नाई बाबाले," तो म्हणाला, "आता वर्ध्याले जाऊन पाहतो." पोलीस ठाण्यातल्या भारत हवालदाराचंही डोकं असंच लांब लांब चालत होतं. काल त्यानं टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरून बॉलपेननं एक गोल काढला होता. "दिवसाले पंचवीस किलोमीटर धरा मॅडम. रात्रभर मानूस कुठंतरी पडून राह्यला असंन. म्हंजे आतालोक पन्नास. मी पांढरकवड्याले, दारव्ह्याले, सगळीकडं फोटो धाडून देल्ला." तो मनापासून काम करत होता, गोल सुबक काढत होता, आणि ममता त्या गोलाकडे बघत मनातल्या मनात म्हणत होती, हे चूक आहे. काय चूक आहे हे तिला कालच ठाऊक होतं. ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं वाक्य म्हणून ठिकाण सांगावं लागलं असतं.

ममताची पीएच.डी. चालण्यावरच होती, आणि कॉलेजातल्या लोकांनी त्यावर करायचे ते विनोद केव्हाच करून झाले होते. साधा दारुडा गणितात सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पावलागणिक नाणं उडवतो. छापा आला की पुढे, काटा आला की मागे. तिच्या प्रबंधातला माणूस वेगळा होता. तिथं माणसाच्या आधी जमीन नाणी उडवते. वाटेवरच्या एकेका जागी एकदाच ठरतं, की इथून पुढे जायचा ओढा किती आणि मागे यायचा किती, आणि ते ठरलं की पुन्हा बदलत नाही. मग त्या जमिनीवर माणूस येतो आणि आपलं नाणं उडवायला लागतो. कुठेतरी खोलगा झालेला असतो, दोन्हीकडचे ओढे त्याच्याकडेच. माणूस त्यात उतरतो, काठापर्यंत चढतो, पुन्हा घसरतो. दहा लाख पावलांनंतर साधा दारुडा हजारभर पावलं लांब गेलेला असतो, हा मात्र दोनशेच्या आसपास घुटमळत राहतो. जितका जास्त काळ जाईल तितक्या जास्त खोल खड्ड्यात तो सापडतो, आणि तो खड्डा कोणता हे त्याच्या नाण्यावर नव्हे, जमिनीवर ठरलेलं असतं. भारत हवालदार जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची आणि सगळ्या जमिनींची सरासरी काढत होता. सरासरीनं माणूस कुठेही असू शकतो. पण हा एकच म्हातारा होता आणि त्याच्या पायांखालची जमीन एकच होती.

प्रबंधातलं एक प्रकरण मात्र तिनं पुन्हा कधी उघडून वाचलं नव्हतं. ते दोन चालणाऱ्यांचं होतं. दोघांना एकाच जागेवरून, एकाच जमिनीवर सोडायचं. दोघांची नाणी वेगळी, दोघांची एकमेकांशी गाठ नाही, बोलणं नाही. तरी पुरेसा काळ लोटला की दोघं बहुतेक एकाच ठिकाणाच्या आसपास सापडतात. नागपूरच्या होस्टेलमध्ये कूलरच्या घरघरीत तिला ही सिद्धता समजली त्या दुपारी ती आनंदानं खोलीत चकरा मारत राहिली होती, आणि अचानक पलंगावर बसली होती. अंगावर काटा आला होता आणि का आला हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी घरी आली तेव्हा बाबांनी विचारलं, "हे कायचं शिकून राह्यली तू एवढे वर्षं?" तिनं पोहे खाता खाता, ताटलीच्या कडेवर शेंगदाणे मांडून, त्यांना जमिनीचं आणि चालणाऱ्याचं सांगितलं. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. चालणं त्यांना कळायचं.

"म्हंजे चालनाऱ्याचा काई दोष नाई म्हन," ते म्हणाले.

"गणितात दोष नसते बाबा."

"मंग जमिनीचा?"

बाबांनी एक शेंगदाणा उचलला, तोंडात टाकला नाही, हातात धरून बसले. चौदा ऑगस्टबद्दल ते दोघं आयुष्यात सर्वांत जवळ आले ते तेवढंच. नंतर आईनं चहा आणला आणि वीजबिलाचा विषय निघाला.

आता ती स्कूटी घरापाशीच सोडून चालायला लागली. दुसरी तारीख औषधाच्या दुकानाच्या शटरवर होती. तिसरी पिठाच्या गिरणीच्या चौकटीवर, चौथी बुद्धविहाराच्या मागच्या भिंतीवर, पाचवी एका नव्या बंगल्याच्या गुळगुळीत संगमरवरावर, जिथं पेन्सिल नीट उमटली नव्हती म्हणून दोनदा गिरवलेली. सगळीकडे तीच तारीख आणि तोच उलटा नऊ. गिरणीवाल्या बबनरावांनी डोळ्यांवर हात धरून सांगितलं, "मंगळवारी पाह्यलं म्या त्याईले. ताप हाये काय कोनाले, असं इचारत होते. म्या नाई म्हनलं तं लिहून गेले. मले वाटलं शिरगणतीचे मास्तर असतीन." नऊ वाजले नव्हते तरी डांबर चपलेला धरत होतं. घरांच्या मागं कूलर सुरू झाले होते आणि खसाचा ओला वास गल्लीत मध्येच भेटून नाहीसा होत होता. गणितातली वाट ही एक सरळ रेघ असते आणि गावाला गल्ल्या असतात, रेघेवरचं गावाला तसंच लागू पडत नाही, हे ती वर्गात मुलांना दरवर्षी सांगायची. तरी प्रत्येक वळणावर तिला बघावं लागत नव्हतं. पाय वळत होते आणि मग भिंतीवर तारीख दिसत होती. ह्या शहरात ती सोळा वर्षं शिकवत होती, आणि खदानीकडच्या रस्त्यानं ती सोळा वर्षांत एकदाही गेली नव्हती. मुद्दाम टाळलं असं नाही. दर वेळी काहीतरी कारण निघे. रस्ता खराब आहे, पेट्रोल कमी आहे, तिकडे आपलं कोण आहे. एका विद्यार्थिनीच्या लग्नाची पत्रिका तिकडची होती, त्या दिवशी तिला खरोखरच ताप भरला होता.

एक्क्याण्णव सालच्या त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, आणि तिला पांढरे कापडी बूट हवे होते, कारण बाईंनी चप्पल घालून येणाऱ्यांना मागच्या रांगेत उभं करायचं ठरवलं होतं. बाबांनी तिला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि म्हणाले, खदानीची फेरी उरकतो अन् मंग बजारात जाऊ. गिट्टीच्या खदानीपाशी खडी फोडणाऱ्यांची अकरा घरं होती, एका ओळीत. खदानीत पाणी साचलेलं, त्यावर हिरवा थर, आणि घरांच्या पुढे घोटा बुडेल एवढा चिखल. तिची चप्पल चिखलात अडकली, निघाली, पुन्हा अडकली. ती रडायला लागली की दुकान बंद होईल. बाबांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, मागच्या पंधरवड्यात इथं कोणालाच ताप नव्हता हे बहुधा आठवलं, आणि पिशवीतून निळी पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "तू लिह. म्या सांगतो तसं." तिला त्या क्षणी जो आनंद झाला तो पुढे पीएच.डी. मिळाल्यावरसुद्धा झाला नाही, हे ममताला आजही खोटं म्हणता येत नव्हतं. ती अकरा दारांवरून पळत गेली. अकरा तारखा, अकरा उलटे नऊ. बाबा मागून भराभर सह्या करत आले आणि आकडे पाहून हसले. आत कोणाच्याच गेले नाहीत. साडेपाचला बूट घेतले.

नवव्या दिवशी बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात सांगत होते ते पडद्यामागून तिनं ऐकलं. खदानीत शेवटच्या घरातली पोट्टी गेली, सात वर्षांची. ताप मेंदूत गेला. साहेब चौकशीला आले. पोरीची माय म्हणाली, कोणी आलंच नाही, माझ्या घरात कोणी पाय ठेवला नाही. साहेबांनी हातातल्या छडीनं भिंतीवरची तारीख दाखवली. मग साहेबांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी होकाराची मान हलवली. एवढंच. त्या बाईचं म्हणणं तिथंच संपलं. भिंत खरी ठरली. सहा वर्षांच्या पोरीचं अक्षर आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते कोणी वाचलंच नव्हतं. आई म्हणाली, आता काय करता, नोकरी जाईन. बाबा म्हणाले, हो. पांढरे बूट ममतानं फाटेपर्यंत वापरले. ते टाकून द्यावेत एवढी अक्कल त्या वयात नव्हती. पण त्यानंतर बाबा प्रत्येक घराच्या आत जायला लागले, माणूस नसलं तरी आत जाऊन हाक मारायचे, आणि रात्री उशिरा घरी यायचे. लोक म्हणत, असा मलेरियावाला जिल्ह्यात नाही. हे ऐकलं की बाबा उठून बाहेर जात.

नाल्यावरचा पूल ओलांडला तशी गिट्टीची पूड नाकात गेली, आणि तिचे पाय थांबले. इथून परत फिरता येत होतं. भारत हवालदाराला फोन करायचा, जागा सांगायची, गाडी जाऊन घेऊन आली असती. बाबा असते तर असते. पण असले आणि पाणी न मिळून पडलेले असले, तर गाडी येईपर्यंतचा अर्धा तास कोणाच्या अंगावर गेला असता? ती चालायला लागली, आणि शेवटचा पाऊण फर्लांग तिनं जवळजवळ पळत काढला. अकरा घरांची आता सात उरली होती. सहांवर स्लॅब पडला होता, शेवटचं अजून विटा-मातीचं होतं, वर टिन. सातही दारांशेजारी ताजी निळी तारीख होती. शेवटच्या घराच्या ओसरीत, टिनाच्या सावलीला, बाजेवर बाबा बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल, हातात स्टीलचा गिलास. जिवंत. तिच्या तोंडून हुंदका फुटला आणि ती "बाबा" म्हणाली. त्यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं अदबीनं तिच्याकडे पाहिलं.

बाजेशेजारी एक म्हातारी सुपात डाळ निवडत बसली होती. सत्तरीची असेल, हात खडी फोडलेल्या माणसाचे, बोटं वाकडी. ममताला तिचं नाव ठाऊक होतं. चौतीस वर्षांपूर्वी पडद्याआडून ऐकलेलं, प्रभावती.

"हे माहे वडील आहेत मावशी. परवापासून शोधून राह्यलो आम्ही."

"मंगळवारी दिवस बुडता बुडता आला," प्रभावती म्हणाली. "साऱ्या घराईवर लिहत लिहत आला अन् इथं बसला. जाय म्हनलं तं जात नाई. आंग तापलं होतं, म्हनून वल्ला टावेल टाकला. काल अर्धी भाकर खाल्ली."

"तुम्ही कोणाले सांगतलं नाही?"

"कोनाचा हाये, काय म्हाईत." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "नाई. खोटं कायले बोलू? दारात उभा राह्यला तवाच ओळखला मी त्याले."

"मग घरात काहून घेतलं?"

"तवा आला नाई," प्रभावती म्हणाली. "आता आला, तं बसू देल्लं."

आता बाबांचा हात धरून, आभार मानून निघता आलं असतं. म्हातारीनं अडवलं नसतं. तिला पळून जावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त वाटत होतं की हे इथंच, ह्या क्षणी संपावं. "मावशी," ती म्हणाली, "ती तारीख यांनी नव्हती लिहिली. मी लिहिली होती. सहा वर्षांची होती मी."

प्रभावतीचे हात सुपात थांबले. तिनं ममताकडे पाहिलं, चेहऱ्यावर काही शोधत असल्यासारखं.

"लाल रिबिनीची पोट्टी," ती म्हणाली. "माईत हाये मले. दिपालीचं डोस्कं माह्या मांडीवर होतं. तिनंच दाखोलं. म्हने, माय, पाह्य, पोरगी लिहून राह्यली आपल्या भिंतीवर. म्या म्हनलं, उगी राय, मलेरियावाला आला, आता येते आत. तिले उचलून दाराजवळ घेऊन बसलो मी. वाट पाह्यली. मंग सायकलची घंटी वाजली, दूर."

ममता खाली बसली. 'माफ करा' हे शब्द तिच्या जवळ होते आणि इतके हलके होते की तोंडातून काढायची लाज वाटली. ओसरीतली जमीन शेणानं सारवलेली, थंड होती. तिनं तळवे तिथं टेकवले आणि मान खाली घातली. तेव्हा बाजेची दोरी करकरली. बाबा उतरले होते. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, पालथा हात तिच्या कपाळाला लावला, मग गळ्याला लावला. पाऊण तास उन्हातून आलेलं तिचं अंग भाजत होतं.

"हिले ताप हाये," ते प्रभावतीला म्हणाले. आवाज नोकरीतला, खणखणीत, गेल्या दोन वर्षांत ममतानं न ऐकलेला. "रक्त घ्या लागते."

त्यांनी तिचा डावा हात ओढला, करंगळीशेजारचं बोट सदऱ्याच्या टोकानं पुसलं, पिशवी शोधायला बाजूला हात फिरवला, पिशवी नव्हती; मग खिशातून पेन्सिल काढून तिचं टोक बोटावर दाबलं. ते बोथट होतं तरी दुखलं. बोटावर एक निळा ठिपका उठला.

"पेशंटचं नाव?"

ममतानं तोंड उघडलं. तिनं प्रभावतीकडे पाहिलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि येऊन तिच्या पाठीशी बसली.

"दिपाली," प्रभावती म्हणाली.

"वय?"

"सात."

"ताप कवापासून?"

"आज तिसरा दिवस," प्रभावती म्हणाली. तिनं ममताचं मनगट मागून घट्ट धरून ठेवलं.